मोठं पॅकेट : लोकसंख्येकडे बघून शेअर निवडण्याच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

मार्चअखेर चार लाखांची ठेव सुटते. परत ठेवीत टाकायची नाही हे दोन महिन्यांपूर्वीच ठरलंय. टाकायची कुठे, ते ठरत नव्हतं. आज निदान दिशा सापडली, तीही स्वतःच्याच दुकानात.

वर्षअखेरचा स्टॉक मोजताना डिसेंबरची विक्री काढली. लहान मुलांचे डायपर ५८ पाकिटं, मोठ्यांचे ७१. तासगावात मेडिकल टाकून एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीची सात-आठ वर्षं मोठ्यांचा डायपर कुणी मागितलाच तर सांगलीहून मागवून द्यायचो, वर्षाला पाच-सहा. आता खालचा अख्खा कप्पा त्याचा आहे. नेणारे 'डायपर' म्हणत नाहीत. "ते मोठं पॅकेट द्या," म्हणतात आणि पेपरात गुंडाळून मागतात, पूर्वी बायका पॅड मागायच्या तसं. पॅड आता उघड्यावर आले, कागद म्हाताऱ्यांच्या वाट्याला गेला.

रात्री मेहुण्याला फोन केला. तो पुण्यात आयटीत, एक्सेलवर जीव. म्हणाला, "दाजी, पुढच्या तिमाहीचं कुणाच्या बापाला कळत नाही. पण २०४५ साली साठीच्या पुढे साधारण किती असतील ते आजच मोजता येतं. ते सगळे जन्मलेत की." हे पटलं. मी स्वतः त्यात आहे.

दोघांनी मिळून नियम केला. प्रत्येक शेअरपुढे एकच वाक्य लिहायचं: कोण वाढणार, आणि त्या वाढणाऱ्यांचा पैसा कोणत्या वाटेनं या कंपनीच्या मालकापर्यंत पोचणार. वाक्याचा दुसरा अर्धा जमला नाही तर नाव खोडायचं.

हा नियम माझ्या हट्टाने आला. २००७ साली 'देशाला वीज लागणारच' म्हणून एका वीज कंपनीचे शेअर घेतले होते. वीज लागलीच, अंदाज शंभर टक्के बरोबर. शेअर मात्र घेतलेल्या भावाच्या सहाव्या हिश्शाला विकले.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो, दिवसभर आकडे.

पहिली अडचण: देशाची शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही. चौदा वर्षं जुन्या वहीवर पुढच्या वीस वर्षांचा हिशोब मांडायचा. त्या वेळी साठीच्या पुढचे १०.४ कोटी होते, म्हणजे ८.६ टक्के, केरळात १२.६ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०५० पर्यंत दर पाचात एक जण साठीच्या पुढचा असेल.

दुसरा आधार राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा, २०१९-२१ ची पाचवी फेरी. एका बाईला सरासरी किती मुलं: देशात २.०, महाराष्ट्रात १.७, गोव्यात १.३, उत्तर प्रदेशात २.४, बिहारमध्ये ३.०. पिढी जिथल्या तिथे राहायला २.१ लागतात. म्हणजे एका देशात वयाने दोन देश आहेत. 'तरुण भारत' म्हणून जो शेअर घ्याल त्याचं गिऱ्हाईक पाटण्याकडे आणि 'म्हातारा भारत' म्हणून घ्याल त्याचं केरळात कोल्लमला. आमच्याकडे दुसरा देश जवळजवळ येऊन पोचलाय. वाडीवरच्या झेडपीच्या शाळेचा पट बघितला की एक्सेल लागत नाही.

मेहुण्याने ३१ नावांची यादी पाठवली. रुग्णालयं, औषधं, तपासणी लॅब, आयुर्विमा, आरोग्य विमा, चष्मे, ट्रॅक्टर, विमान, रंग, म्युच्युअल फंड, डिपॉझिटरी (लोकांचे शेअर खात्यात सांभाळणारी संस्था). विमान मीच खोडलं. गेल्या वर्षी देशांतर्गत प्रवासी १६ कोटींच्या पुढे गेले, पण तिथवर पोचताना किंगफिशर, जेट, गो फर्स्ट तिन्ही जमिनीवर आल्या. प्रवासी वाढले म्हणून इंडिगो घेतलेला हसला, जेट घेतलेला रडला. दोघांनी आकडा एकच वाचला होता.

२ फेब्रुवारी, रविवार

काल बजेट. बारा लाखांपर्यंत कर नाही, त्यामुळे मेहुण्याचा फोन आनंदात. मी दुकानातलीच यादी केली: सगळ्यात जास्त खपणाऱ्या पंधरा वस्तू, आणि त्या बनवणारी कंपनी शेअर बाजारात आहे का.

मोठ्यांच्या डायपरमध्ये माझ्याकडे सगळ्यात जास्त 'फ्रेंड्स' जातो. कंपनी नोबेल हायजीन, तिची बाजारात नोंद नाही. मधुमेहाची रोजची गोळी 'ग्लायकोमेट', कंपनी यूएसव्ही, मुंबईचीच. तीही खासगी. 'थायरोनॉर्म' ॲबट इंडियाची, ती नोंदलेली आहे. 'लाइफ्री' जपानच्या युनिचार्मचा, तो घ्यायचा तर टोकियोत.

म्हणजे ज्या वस्तूवरून मला हे सुचलं, तिच्या दोन्ही कंपन्यांचा शेअर मला इथे मिळत नाही. मेहुणा हसला. "बघा ताई, दाजींना विहीर दिसली, पण पोहरा दुसऱ्याचा." आमची ही शेजारीच बसली होती, तिने हिशोबाची वही ओढून घेतली आणि म्हणाली, "आधी उधारी वसूल करा."

९ फेब्रुवारी, रविवार

जपान. हा विषय वाटला होता तसा सरळ निघाला नाही.

मला वाटायचं, लोकसंख्या घटली म्हणून जपानचा बाजार बसला. तारखा लावून बघितल्या तर उलटंच. तिथला निर्देशांक निक्केई ३८,९१५ वर पोचला तो २९ डिसेंबर १९८९ ला. तेव्हा जपानची लोकसंख्या वाढतच होती, पुढे २००८ च्या सुमारापर्यंत वाढली. बाजार त्याआधी जवळजवळ वीस वर्षं कोसळलेला. आणि तो जुना उच्चांक मोडला २२ फेब्रुवारी २०२४ ला, जेव्हा तिथे जन्म नीचांकावर आणि पासष्टीच्या पुढचे २९ टक्के. माणसं वाढत असताना घेतलेल्याला चौतीस वर्षं थांबावं लागलं. १९८९ ला भाव वेडे होते, एवढंच कारण पुरतं.

तरी जपानकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. मार्च २०२४ मध्ये ओजी या कागद कंपनीने देशातले लहान मुलांचे डायपर बनवणं थांबवायचं आणि मोठ्यांच्याकडे वळायचं जाहीर केलं. वस्तू तीच, माप बदललं. वयाचा ओघ बदलला की टिकते ती कंपनी, जिला माप बदलता येतं.

चीनची एक गोष्ट मेहुण्याने सांगितली, ती जास्त बोचली. तिथे मुलं कमी, म्हणून आईबाप एकेका मुलावर जास्त खर्च करणार, म्हणून शिकवण्यांच्या कंपन्या घ्या, असं सगळे म्हणत होते. तर्क चोख. मे २०२१ मध्ये सरकारने तीन मुलांची मुभा दिली. मुलं का होत नाहीत? शिकवणी महाग. मग जुलैत शालेय विषयांच्या शिकवण्यांनी नफाच कमवायचा नाही असा हुकूम. २३ जुलैला एका दिवसात न्यू ओरिएंटल निम्म्याहून खाली, टाल सत्तर टक्के खाली. ज्या कारणाने शेअर वर गेला, त्याच कारणाने सरकारचं लक्ष गेलं.

वहीत तिसरा रकाना वाढवला: 'हे फार वाढलं तर सरकार काय करेल?'

१६ मार्च, रविवार

हा आठवडा लिहून ठेवायलाच हवा.

एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी. मूळ कंपनीची एक गोळी साठ रुपयांच्या आसपास. ११ तारखेला पेटंट संपलं. बुधवारी दुकान उघडायच्या आत औषध कंपन्यांचे दोन एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, पायरीवर उभे. शनिवारपर्यंत माझ्या काउंटरवर नऊ ब्रँडची कार्डं. स्वस्तातली साडेपाच रुपयांना. एकाने स्टीलची बाटली दिली, एकाने पेन, एकाने दहावर दोनची स्कीम.

आमच्याकडे एक निवृत्त मास्तर येतात. महिन्याला तीस गोळ्या, अठराशे रुपये मोजायचे, प्रत्येक वेळी पाकीट उघडताना एक सुस्कारा. डॉक्टरांनी लगेच ब्रँड बदलून दिला. काल तीनशेत काम झालं. म्हणाले, "आता साखरेची गोळी साखरेपेक्षा स्वस्त हो!" ते आनंदात गेले आणि मी कॅल्क्युलेटर घेतला. अठराशेवर माझे वीस टक्के म्हणजे ३६०. तीनशेवर ६०. माणूस तोच, आजार तोच, गोळी तीच. दुकानात उरले एक षष्ठांश. माझे सहा मास्तर झाले तर मी होतो तिथे येणार.

सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या अभ्यासात देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण निघाले. हा आकडा प्रत्येक औषध कंपनीच्या सादरीकरणात पहिल्या पानावर असतो. आकडा खराच आहे. पण त्या दहा कोटींच्या दारात पन्नास कंपन्या उभ्या आहेत आणि एकमेकींच्या पायावर पाय देतायत, हे दुसऱ्या पानावर नसतं. ते बघायला माझ्या पायरीवर यावं लागतं.

ज्या गोळ्या सरकारी किंमत-यादीत आहेत त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांची दरवाढ घाऊक महागाईला बांधलेली. २०२३ मध्ये १२.१२ टक्के मिळाली, दुसऱ्या वर्षी ०.००५५१ टक्के. शंभर रुपयांवर अर्धा पैसा. छपाईची चूक असेल म्हणून मी तेव्हा स्टॉकिस्टला फोन केला होता.

यादीतल्या सात औषध कंपन्यांपैकी पाच खोडल्या.

७ एप्रिल, सोमवार

ठेव सुटली. आज सेन्सेक्स एका दिवसात २,२०० अंकांहून जास्त खाली. अमेरिकेच्या आयातकराचा धसका. मेहुण्याचा दुपारी मेसेज: "दाजी, घ्यायचं का?" कोणता घ्यायचा हेच अजून ठरलेलं नाही. निफ्टीच्या इंडेक्स फंडात (निर्देशांकातल्या सगळ्याच कंपन्या थोड्या-थोड्या घेणारा फंड) पहिले पन्नास हजार टाकले, दुकान उघडलं.

२० एप्रिल, रविवार

मेहुणा आला होता. माडीवर बसून दिवसभर यादी. ही वर चहा घेऊन आली तेव्हा १९ नावं होती, जेवायला उतरलो तेव्हा ९.

रुग्णालयांवर सगळ्यात जास्त वाद. तो अपोलोसाठी अडून बसला. देशातली सगळ्यात मोठी साखळी, १९८३ पासून, म्हातारपण म्हणजे रुग्णालय. मी म्हटलं, भाव बघ. एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या सत्तरपटीच्या वर. मग हिशोब मांडला, तोच इथे उतरवतो, कारण या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या चार ओळींनी. समजा नफा वर्षाला १५ टक्क्यांनी दहा वर्षं न चुकता वाढला. चौपट झाला. पण दहा वर्षांनी बाजार सत्तरऐवजी पस्तीस पट देऊ लागला, तर शेअरचा भाव फक्त दुप्पट. वर्षाला सव्वासात टक्के. म्हणजे रुग्णालय भरभरून चाललं, अंदाज खरा ठरला, आणि मला मिळालं ते सुटलेल्या ठेवीइतकंच. वर धाकधूक फुकट.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग स्वतःच अमेरिकेतला एक जुना हिशोब काढून दाखवला. १९५० ते २००३. एकीकडे आयबीएम, संगणकाचं युग. दुसरीकडे न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल, पुढे जिची एक्सॉन झाली. विक्री, नफा, वाढ, सगळ्यांत आयबीएम पुढे. लाभांश परत गुंतवत गेलेल्याचे हजार डॉलर मात्र आयबीएममध्ये ९.६१ लाख झाले, तेलात १२.६ लाख. तेलाचा शेअर कायम स्वस्तात मिळत राहिला, म्हणून.

नारायणा या रुग्णालयांच्या साखळीवर एकमत होत आलं होतं. हृदयाचे सर्जन देवी शेट्टींचं, कमी खर्चात शस्त्रक्रिया करणारं. तेवढ्यात अहवालात दिसलं की नफ्याचा मोठा हिस्सा कॅरिबियनमधल्या केमन बेटांवरच्या रुग्णालयातून येतो. "म्हणजे आपण म्हाताऱ्या भारताच्या नावाने केमनचं इस्पितळ घेतोय," मेहुणा. तरी नाव ठेवलं, पण वाक्य बदलून लिहिलं. वाक्य खोटं ठेवायचं नाही, हाही नियम.

सरकारच्या रकान्यात रुग्णालयांपुढे दोन तारखा. फेब्रुवारी २०१७: हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये, आधी लाखाच्या वर. ऑगस्ट २०१७: गुडघ्याच्या नेहमीच्या कृत्रिम सांध्याची ५४,७२०, आधी दीड लाखाच्या वर. रुग्ण म्हणून मी दोन्ही निर्णयांना हात जोडतो. माझ्या आईचा गुडघा त्यानंतरच बसवला. भागधारक म्हणून हात जोडायचे की कपाळाला लावायचे ते ठरवता येईना.

आरोग्य विमा सरळ कट. म्हातारपण रुग्णालयाला उत्पन्न आहे, विमा कंपनीला खर्च. स्टार हेल्थ २०२१ च्या डिसेंबरात ९०० ला आलेला, आज त्याच्या निम्म्याच्या आसपास. लॅबही कट. रक्त तपासायला यंत्र लागतं आणि यंत्र कुणीही आणतं. कोविडनंतर आमच्या एका चौकात चार लॅब झाल्या, चौथीने 'फुल बॉडी'ची पाटी नऊशेवर आणली.

११ मे, रविवार

चुलतभावाच्या बागेत गेलो होतो, सावर्डे रस्त्याला. खरड छाटणी उरकलेली. द्राक्षाच्या ओळींमधून छोटा ट्रॅक्टर फवारणीचा ब्लोअर ओढत फिरत होता. दोन ओळींत नऊ फूट. मोठा ट्रॅक्टर शिरतच नाही, वरच्या तारा अडवतात. भाऊ म्हणाला, "पूर्वी विजापूरकडची टोळी यायची, पंचवीस माणसं. आता मुकादम म्हणतो, बारा देतो, तीही दोन दिवस उशिरा. त्यांची पोरं बेंगळूरला डिलिव्हरीवर." बाजूलाच ऊस. तोडायला यंत्र लावायचं म्हणून कारखाना शेतकऱ्यांना चार फुटांच्या वरची सरी पाडायला सांगतोय.

इतके दिवस आम्ही म्हाताऱ्यांकडे बघत होतो. इथे उलट बाजू दिसली: काम करणारे हात कमी होतात तेव्हा हातांच्या जागी काय येतं?

ट्रॅक्टरचं बोनेट बघितलं, कुबोटा. ओसाकाची कंपनी, १८९० ची. जपानमधल्या शेतकऱ्याचं सरासरी वय ६८ च्या वर, भातखाचरं लहान. म्हाताऱ्या माणसाला एकट्याला चालवता येईल असं लहान यंत्र त्यांनी स्वतःसाठी बनवलं, आणि ते तासगावच्या तारांखाली बरोबर बसलं. २०२२ मध्ये कुबोटाने फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची सूत्रं हाती घेतली. म्हणजे नाव मुंबईच्या बाजारातच आहे.

मेहुण्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "महिंद्रा? जगात सगळ्यात जास्त ट्रॅक्टर त्यांचे." खरं आहे. पण महिंद्रा घेतला तर एसयूव्ही सोबत येते आणि मला चाकणची नाही, बागेची वाट हवी. एस्कॉर्ट्सचं वाक्य मी एका दमात लिहिलं: शेतमजूर घटणार, शेतकरी तो पैसा यंत्राला देणार, लहान यंत्रात ही कंपनी आहे. सरकारच्या रकान्यात: मदतच करेल. धोका: पाऊस. पाऊस गेला की ट्रॅक्टर पुढच्या वर्षी.

५ जून, गुरुवार

काल दोन बातम्या एकाच दिवशी. जपानने जाहीर केलं, २०२४ मध्ये ६,८६,०६१ जन्म, एका बाईला १.१५ मुलं. आणि आपल्या गृह मंत्रालयाने जाहीर केलं, जनगणना होणार, मोजणीचा दिवस १ मार्च २०२७. सोळा वर्षांनी मोजणार. आकडे बाहेर येईपर्यंत आमचा निर्णय चुकला की बरोबर ते निकालातही निघालेलं असेल.

एस्कॉर्ट्स कुबोटा पंचवीस हजारांचे घेतले. नारायणा पंचवीसचे. डिपॉझिटरीवर अडलंय. सीडीएसएलची वाट मात्र सुरेख आहे. देशात डिपॉझिटरी दोनच, तिसरीला परवाना नाही, आणि शेअर घेणाऱ्या प्रत्येक पोराला या दोनपैकी एका नाक्यावरून जावंच लागतं. एकट्या सीडीएसएलकडे नोव्हेंबर २०२३ मध्येच १० कोटी खाती झाली. पण तेजी ओसरली की नवी खाती लगेच कमी होतात, हे या हिवाळ्यात दिसलंच. तरुण पिढी वीस वर्षांची, तिचा उत्साह सहा महिन्यांचा. मेहुण्याला हवाय, मला भाव जड वाटतो. त्याच्या पैशाने त्याने घेतला. मी वाट बघतोय.

३० जुलै, बुधवार

नोव्हो नॉर्डिस्क काल एका दिवसात वीस टक्क्यांहून जास्त खाली. वजन आणि मधुमेहाच्या इंजेक्शनची डेन्मार्कची कंपनी. दोन वर्षांपूर्वी तिचं बाजारमूल्य डेन्मार्कच्या वर्षाच्या एकूण उत्पन्नाहून मोठं म्हणून कौतुक चाललेलं. जग जाड होतंय, जग मधुमेही होतंय, औषध यांच्याकडे. यापेक्षा मोठा ओघ कुठला? पण अमेरिकेच्या लिली कंपनीचं औषध आलं, अमेरिकेत नकलाही निघाल्या, कंपनीने स्वतःचाच अंदाज खाली आणला. जाड माणसं एकानेही कमी झाली नाहीत.

मार्चमध्ये लिलीचं 'मौंजारो' आपल्याकडे आलं, जूनमध्ये नोव्होचं 'वेगोवी'. माझ्याकडे विचारणाऱ्यांत निम्मे वजनासाठीच, तेही चिठ्ठीशिवाय. परत पाठवतो. पुढच्या मार्चमध्ये इथलं सेमाग्लुटाइडचं पेटंट संपतंय. मेहुण्याने आनंदाने पाच देशी कंपन्यांची नावं धाडली. मी त्याला मास्तरांची गोष्ट परत सांगितली.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना आणि नवा जीएसटी एकाच दिवशी. सकाळी सातपासून दुकानात. औषधं १२ वरून ५, मोठ्यांचे-लहानांचे डायपर १२ वरून ५, नंबरचा चष्मा ५, ट्रॅक्टर ५. जुन्या मालावर जुनी एमआरपी छापलेली, नवीन दराने विकायचा. कंपन्यांनी दरपत्रकं पाठवली, ती भिंतीला लावली. तरी गिऱ्हाईक पाकिटावर बोट ठेवून विचारतं. संध्याकाळपर्यंत घसा बसला.

भावाने ट्रॅक्टरचं बुकिंग महिनाभर रोखून धरलं होतं, आज उचलला. पेढे आले. एस्कॉर्ट्सच्या वाक्यापुढे टिचकी केली, पण पेन्सिलने. कर एकदाच कमी होतो.

खरा धडा विम्याचा. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांच्या हप्त्यावरचा कर १८ टक्क्यांवरून शून्य. वाटलं, कंपन्यांची चांदी. मेहुण्याने समजावलं: कर शून्य झाला की कंपनीने स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराची वजावटही गेली. एजंटच्या कमिशनवरचा, ऑफिसच्या भाड्यावरचा कर आता तिच्या अंगावर. पॉलिसी जास्त विकल्या जातील, प्रत्येकीमागे उरेल कमी. परत तेच. माझ्या साठ रुपयांसारखं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

यंदा मुहूर्ताचे सौदे संध्याकाळी नाहीत, भर दुपारी पावणेदोन ते पावणेतीन. मेहुणा दिवाळीला आलाय. ही म्हणाली, "संध्याकाळी लक्ष्मी, दुपारी तुमची कसली?" आणि दोघांना कडबोळ्यांचं ताट देऊन माडीवर पाठवलं.

आजचा हिशेब. इंडेक्स फंडात दोन लाख, चार हप्त्यांत पूर्ण. एस्कॉर्ट्स पन्नास हजार, नारायणा पन्नास, दोन-दोन हप्त्यांत. उरलेले एक लाख बचत खात्यात पडून. ३१ नावांतून दोन. मेहुण्याला हे पचत नाही. "दाजी, नऊ महिने अभ्यास करून दोन?" मी म्हटलं, वाक्य पूर्ण झालेली दोनच आहेत, तिसरं तू पूर्ण कर. त्याने चष्म्याचं सुरू केलं. चाळिशीनंतर जवळचा नंबर सगळ्यांनाच लागतो, सरकार किंमत बांधत नाही, काच स्वस्त आणि फ्रेम महाग. अर्ध्यावर आला आणि स्वतःच थांबला. गाडी टायटनपाशी आली होती, आणि टायटन म्हणजे मुख्यतः दागिने. सोन्याचा अंदाज आमच्या वहीत बसत नाही.

मुहूर्त म्हणून नारायणाचा एक शेअर घेतला. त्याने सीडीएसएलचा एक. कंदील लावायला खाली उतरलो.

पुढची कामं. ३१ डिसेंबरला डायपरची मोजणी, गेल्या वर्षीच्याच पद्धतीने, पाकिटं मोजून. एस्कॉर्ट्सचा मार्चचा निकाल येईपर्यंत शेअरला हात लावायचा नाही. विकायची वेळ आलीच तर वर्षभराच्या पुढे, सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. मेहुण्याने एक्सेलमध्ये मास्तरांच्या नावाचा रकाना केलाय: गिऱ्हाईक वाढलं तेव्हा दर गिऱ्हाईकामागे किती उरलं. तो दर तिमाहीला भरायचा.

आणि मार्चमध्ये सेमाग्लुटाइड येईल तेव्हा एमआर लोकांकडून आगाऊ ऑर्डर घ्यायची नाही. दुकानातल्या फ्रीजमध्ये इन्सुलिनलाच जागा पुरत नाही.